कोऱ्या टॉवेलचे वळ

सोलापूरचा उन्हाळा अंगावर हात टाकणारा आहे. सकाळी दार उघडावं तर तो उंबऱ्यातच उभा असतो आणि पहिला फटका तोंडावर देतो. दुपारपर्यंत डांबर मऊ होतं, त्यात चप्पल रुतते, पाय ओढून काढावा तर चपलेचा अंगठा तुटतो, आणि भलाभला माणूस भर रस्त्यात त्या चपलेला आईवरून शिवी घालतो. या दिवसांत गाडीला गाडी नुसती घासली तरी कॉलर धरली जाते. पाणी यायच्या दिवशी नळावर आधी घागरी एकमेकींवर आपटतात आणि मग बायका. बाहेरगावचे लोक म्हणतात, सोलापूरची माणसं तापट. मी म्हणते, आधी इथं एक मे महिना काढून दाखवा, तोही पत्र्याखाली, आणि मग बोला.

या वर्षीचा मे मी नायनाच्या सीड्या कॉम्प्युटरवर उतरवून घेण्यात घालवला. नायना म्हणजे माझा बाप. आम्ही पूर्व भागातले, विणकरांच्या घरातले. घरात तेलुगू, गल्लीत मराठी. आमच्यात बापाला अरे-तुरेच करतात, म्हणून इथंही तसंच लिहिते आहे. राग आहे म्हणून नव्हे. राग आहेच, पण तो वेगळा.

नायनानं सगळा जन्म टॉवेलच्या कारखान्यात, मागावर काढला. माग चालू असला की त्यात धोटा पळतो. धोटा म्हणजे आडवा धागा पोटात घेऊन इकडून तिकडं धावणारा लाकडाचा तुकडा, दोन्ही टोकांना लोखंडी अणी. कधी कधी तो वाट सोडून उडतो. नायनाच्या शेजारी काम करणाऱ्या माणसाचे पुढचे दात असेच गेले होते, आणि घरी येऊन ते सांगताना नायना हसत होता. तिथं ओरडल्याशिवाय बोलता येत नसे, आणि घरी आल्यावर आवाज खाली आणायचा असतो हे तो विसरून गेला होता. हातही. कारखान्यातून निकामी झालेला एक धोटा त्यानं घरी आणला होता. आमचं दार आपोआप बंद व्हायचं, त्याला अडण म्हणून तो धोटा खाली सरकवलेला असायचा. आम्ही येता जाता त्याला ठेचकाळायचो.

नायनाला मारामारीचे पिक्चर लागायचे. फायटिंग, असं तो म्हणायचा. दोन गावं कोयते घेऊन एकमेकांवर धावतात, धूळ उडते, जीप उलटते, एकटा माणूस पन्नास जणांना लोळवतो, असले तेलुगू पिक्चर. बाजारात तेव्हा गाड्यावर एका सीडीत चार चार पिक्चर स्वस्तात मिळायचे. नायना त्यांच्याकडे ढुंकून बघत नसे. त्यातली माणसं धुरकट दिसतात आणि नेमकी फायटिंग सुरू झाली की चित्राचे चौकोन पडतात, कुणाचा हात कुणाच्या तोंडावर बसला ते कळत नाही, असं त्याचं म्हणणं. त्याला हात बसलेला दिसला पाहिजे. म्हणून तो दुकानात जाऊन ओरिजनल घ्यायचा. पगाराच्या दिवशी घरात कधी तेल आलं नसेल, पण चकचकीत वेष्टणातली नवी सीडी आली नाही असं झालं नाही. तशी ती डीव्हीडी असायची, पण आमच्याकडे सगळ्याला सीडीच म्हणत.

पिक्चर लावण्याआधी एक सोहळा असायचा. विणीत खोट निघाली म्हणून बाजूला पडलेले टॉवेल कामगारांना मिळायचे. त्यांतला एक कोरा, अजून पाणी न लागलेला टॉवेल नायना घ्यायचा, मांडी घालून बसायचा, सीडी बोटावर अडकवून तिच्यावर हळूच फुंकर मारायचा आणि ताटली पुसावी तशी ती गोल गोल पुसायचा. धुतलेलं फडकं चालायचं नाही. विणकराला कोऱ्या कापडाइतकं स्वच्छ दुसरं काही वाटत नाही. देवाला वाहायचं तेही कोरंच. घरातल्या कुठल्याही माणसाला त्यानं इतक्या हळुवारपणे हात लावलेला मला आठवत नाही. पुसून झाली की तो ती अन्नाच्या हातात द्यायचा. अन्ना म्हणजे माझा थोरला भाऊ. नायनाची बोटं मागावर राठ झालेली, प्लेअरच्या त्या नाजूक कप्प्यात सीडी ठेवताना थरथरायची, म्हणून ते काम अन्नाचं. बाकी कुणी सीडीला हात लावायचा नाही.

आता खरी गोष्ट सांगते. नायना मारायचा. अम्माला मारायचा, अन्नाला मारायचा, मला कमी. कारण काहीही चालायचं: भात जास्त शिजला, कुणी दारातून बघितलं, लोडशेडिंगमुळं पंखा बंद पडला. मे महिन्यात तर कारणही लागायचं नाही. पण पडद्यावर फायटिंग चालू असली की तो कुणाला मारत नसे. दोन तास तो दुसऱ्याच्या हातानं मारून घ्यायचा आणि पिक्चर संपल्यावर जेवून झोपायचा. हे आम्हाला फार लवकर कळलं होतं. तो कारखान्यातून आला आणि त्यानं पाण्याचा तांब्या आपटला की अम्मा विड्या वळायचं सूप मांडीवरून न उतरवता अन्नाकडं बघायची, आणि अन्ना टीव्ही लावायचा.

आणि तरीही सुरू झालंच, तर अम्माचा दुसरा उपाय होता. ती रिमोट घ्यायची आणि आवाज वाढवायची. पत्र्याची घरं, भिंतीला भिंत. गल्लीला वाटावं, पिक्चर चाललाय. मार तिला पडत असला तरी हात लांब करून ती आधी रिमोट शोधायची. गल्ली काही खुळी नव्हती. पण गल्लीतही बऱ्याच घरांतून संध्याकाळी असे मोठे आवाज यायचे, आणि कुणी कुणाला पिक्चरचं नाव विचारत नसे.

मला मारामारीचे पिक्चर आवडतात. अजून आवडतात. हे ऐकून कॉलेजातल्या माझ्या सहकारी बायका भुवया उंचावतात, उंचावू देत. मला त्यातला न्याय आवडतो. ज्याला मार पडतो त्यानं आधी काहीतरी केलेलं असतं, ते आपण डोळ्यांनी बघितलेलं असतं, आणि मग हात उचलला जातो. शिवाय पिक्चरमध्ये मार खाणारा माणूस उडतो. भिंत फोडून पलीकडं जातो, भाजीच्या गाड्यावर पडतो, टोमॅटो उधळतात. घरात मार खाणारा माणूस उडत नाही. तो जागच्या जागी लहान होतो. आणि आवाजही तसा मोठा येत नाही. ओलं फडकं मोरीत पडावं तेवढाच येतो.

गेल्या वर्षी नायनाला लकवा झाला. उजवी बाजू गेली, उजवा हात गेला. तोंड एका बाजूला ओढलं गेलं. आता तो खाटेवर बसून असतो, खांद्यावर टॉवेल, पुढं टीव्ही, आणि डाव्या हातानं खूण करून पाणी मागतो. तो हात वर झाला की माझी मान अजून आपोआप खांद्यात जाते. पाणी देऊन झाल्यावर मला स्वतःचीच चीड येते.

मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते. सुट्टी लागली की दुपारी अम्माला जरा पाठ टेकता यावी म्हणून इथं येऊन बसते. एप्रिलमध्ये नायनानं फायटिंग मागायला सुरुवात केली. प्लेअर केव्हाच मेला होता. खाटेखालची पत्र्याची पेटी ओढली तर सीड्या तशाच, ओळीनं लावलेल्या. पण इतके उन्हाळे त्या पत्र्यात भाजून निघाल्या होत्या. काहींची वेष्टणं वितळून त्यांनाच चिकटली होती, काही किंचित वाकल्या होत्या, एकीच्या कडेचा चकाकता थर पोपडा धरून सुटत होता. अम्मा म्हणाली, काहीतरी कर, त्याला तेवढंच सुख आहे. मला त्याच्या सुखाचं काय पडलंय, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण मला त्या पेटीतली एक सीडी हवी होती. फार वर्षं हवी होती. म्हणून मी हो म्हणाले.

काम अवघड नाही. एक बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला, लॅपटॉप घरचा, आणि सॉफ्टवेअर फुकटचं, कुठल्या कोण लोकांनी आपापल्या घरी बसून लिहिलेलं आणि ज्याला हवं त्यानं घ्या म्हणून सोडून दिलेलं. विकायचं नाही, वाटायचं नाही. घरात विकत आणलेल्या वस्तूची घरातच एक जादा प्रत. मला त्या सॉफ्टवेअरची रीत फार आवडली. नायनाचा प्लेअर ओरखड्यापाशी अडला की तिथंच डोकं आपटत बसायचा. हे तसं करत नाही. जेवढं सहज वाचता येतं तेवढं आधी उचलून घेतं. अडलं की त्या जागेवर खूण करतं आणि पुढं जातं. शेवटाला पोचल्यावर मागं वळतं, खुणेच्या जागी पुन्हा जातं, या खेपेला उलट्या बाजूनं. पुन्हा, पुन्हा. आणि इतकं करून नाहीच वाचता आलं, तर तेवढी जागा रिकामी ठेवून बाकीचं आपल्या हाती देतं. रिकाम्या जागेबद्दल खोटं बोलत नाही.

दुपारभर ते चालायचं. पंखा गरम वारा खाली ढकलायचा, लॅपटॉप तापून मांडीला चटका द्यायचा, मी ओलं फडकं मानेवर टाकून बसायची. ड्राइव्ह घरघरायचा, अडायचा, कण्हायचा. शेजारच्या शेडमध्ये माग चालू असायचे. आणि एकेक करून पिक्चर उतरत होते: गळे आवळलेले, गाड्या पेटवलेल्या, खुनाचा बदला खुनानं घेतलेला. ती एक सीडी मात्र मी बाजूला ठेवली होती. वेष्टणावर रक्तानं माखलेला नायक आणि मागं लाल आभाळ. त्या सीडीशी जोडलेल्या एका दुपारशी मीही वर्षानुवर्षं तशीच वागत आले होते, खूण करून पुढं.

अन्ना दहावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत होता, मी सातवी संपवून बसले होते. असाच मे. सकाळपासून लाइट नव्हती. नायना भलत्याच वेळी घरी आला, ओठ फुटलेला, सदऱ्याचं बटण तुटलेलं. कारखान्यात कुणाशी तरी जुंपली होती आणि या खेपेला मार त्यानं खाल्ला होता. त्यानं तांब्या आपटला नाही, म्हणून आम्ही जास्तच घाबरलो. तेवढ्यात लाइट आली. अम्मानं अन्नाकडं बघितलं. नायनानं स्वतः जाऊन ती लाल आभाळाची सीडी काढली, कोऱ्या टॉवेलनं पुसली, अन्नाला दिली.

पिक्चर बराच वेळ चांगला चालला. नायना पुढं सरकून बसला होता, फुटलेला ओठ चोखत. त्या पिक्चरमध्ये शेवटी ओस पडलेल्या बाजारात नायक खलनायकाची गचांडी धरतो आणि मूठ उगारतो. आम्हाला ते पाठ होतं. मूठ वर गेली आणि चित्र अडकलं. चौकोन पडले. आवाज एकाच तुकड्यावर फुटत राहिला, खर्‌ खर्‌ खर्‌. नायना थांबला. त्यानं सीडी काढायला लावली, पुसली, अन्नानं पुन्हा ठेवली. पुन्हा तिथंच. परत काढली, आणखी जोर लावून पुसली. आता ती त्याच्याही आधी अडायला लागली. मूठ वर जाईचना. नायनानं मान वळवून विचारलं, सीडीला काय केलंस?

अन्ना म्हणाला, मी काही केलं नाही.

आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं की अशा वेळी हो म्हणायचं. हो म्हटलं की मार लवकर आटपतो. अन्नालाही ठाऊक होतं. तरी तो नाही म्हणाला. पहिली चपराक त्याच्या डाव्या कानावर बसली. तो म्हणाला, मी काही केलं नाही. दुसरी तिथंच. तिसरी तिथंच. प्रत्येक चपराकीनंतर तो तेवढंच बोलायचा, तितक्याच आवाजात. अम्मानं हात लांब करून रिमोट घेतला आणि आवाज वाढवला. पण पिक्चर अडकलेला होता. त्यामुळं सगळ्या गल्लीला मोठ्यानं ऐकू जात राहिलं ते फक्त खर्‌ खर्‌ खर्‌. मग नायनानं वाकून दाराखालचा धोटा ओढला. अडण निघाल्यावर दार आपोआप बंद झालं, आणि खोलीत एकदम अंधारून आलं.

धोट्याची लोखंडी अणी अन्नाच्या भुवईवर लागली. रक्त डोळ्यात उतरलं, गालावरून हनुवटीवर आलं. अम्मानं हाताला आला तो टॉवेल त्याच्या कपाळावर दाबला, सीडी पुसायचा. कोऱ्या टॉवेलला पाणी शोषता येत नाही, रक्तही येत नाही. ते त्याच्यावरून नुसतं घरंगळत होतं आणि अम्मा तो दाबत होती. अन्नानं तिचा हात बाजूला केला आणि म्हणाला, मी काही केलं नाही. मग नायना दमला, खाली बसला आणि त्यानं पाणी मागितलं.

अन्नाचा डावा कान गेला. निकाल लागल्यावर तोही गेला, आधी एका मित्राकडं, पुढं कुर्डुवाडीला. तिथं रेल्वेच्या वर्कशॉपात कामाला लागला, लग्न केलं, पोरं झाली. अम्मा त्याला माझ्या घरी भेटते. या घराची पायरी तो चढला नाही. माझ्याशी तो आता मराठीतच बोलतो; घर सोडताना तेलुगूही त्यानं इथंच ठेवली असावी.

आणि या घरात त्या दिवसाचं नाव काय, तर अन्नानं सीडी खराब केली तो दिवस. नायना तसं म्हणायचा ते एक सोडा. शेजारणी म्हणायच्या. अम्माही म्हणायची, आणि तिच्या मनात काही वाईट नसायचं: पोरानं ती सीडी जरा जपून धरली असती तर आज घरात असता. मी दरवेळी भांडायची, की त्यानं काही केलेलं नाही. पण पुरावा काय? लहान बहीण भावाचीच बाजू घेणार. एक पोरगा घरातून गेला, एक कान गेला, आणि वर दोष त्याच्याच नावावर. मला तो दोष पुसून काढायचा होता. त्यासाठी मी मे महिनाभर त्या भट्टीत बसले होते.

शेवटी एका दुपारी मी ती सीडी घातली. सुरुवातीचं सगळं पटापट वाचलं गेलं. सीडी आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळं पिक्चरचा शेवट कडेजवळ असतो. तिथं पोचल्यावर ड्राइव्ह अडखळला, खूण केली, पुढं गेला, मागं फिरला, पुन्हा अडखळला. मी ती बाहेर काढली आणि खिडकीत उन्हाला धरली, की बघू तरी पडलंय काय.

ओरखडा सरळ नव्हता. हातातून निसटून, घासून, आपटून पडलेला ओरखडा कसाही, आडवातिडवा जातो. इथं तसं काहीच नव्हतं. कडेनं वर्तुळं होती, एकाबाहेर एक, बारीक, दाट, गोल गोल. मी पेटीतली दुसरी सीडी उन्हात धरली. तीच वर्तुळं. तिसरी. तीच. जिचा पिक्चर जास्त आवडता, तिच्यावर जास्त दाट. मी खाली बसले. सुताला मागावर चढवण्याआधी खळ लावतात, पिठाची. ती वाळून धागा ताठ होतो आणि धुतल्याशिवाय निघत नाही. म्हणून कोरा टॉवेल आमच्यात तान्ह्या बाळाच्या अंगाला लावत नाहीत, कातडी सोलवटते. हे ज्या घरात शेंबड्या पोरालाही माहीत, त्या घरात नायना वर्षानुवर्षं सीड्यांना तोच टॉवेल लावत होता. प्रेमानं, गोल गोल. त्यात सीडीला सगळ्यात वाईट पुसणं म्हणजे गोल पुसणं. ओरखडा मग वाचायच्या रेघेतूनच लांबवर जातो. त्या दिवशी प्रत्येक पुसण्यागणिक ती आणखी आधी का अडत गेली, तेही कळलं. त्याच्याच हाताचे वळ होते ते. आणि मार कुणाला पडला?

मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसायला लागले, आणि हसता हसता पेटीला लाथ घातली. सीडी परत ड्राइव्हमध्ये सरकवली. ती संध्याकाळ आणि पुढची दुपार सॉफ्टवेअर खुणेच्या जागांवर घिरट्या घालत राहिलं, तुकडा तुकडा सोडवत गेलं. शेवटी अगदी थोडं रिकामं राहिलं. मी ते पेनड्राइव्हवर घालून टीव्हीला लावलं. नायना ताठ बसला. मी फोन घेऊन मागल्या बाजूला मोरीपाशी गेले आणि अन्नाला लावला. त्याची जेवणाची सुट्टी होती.

मी धाप लागल्यासारखी बोलत सुटले. टॉवेल, खळ, वर्तुळं, सगळ्या सीड्यांवर सारखीच, मी फोटो काढलेत, अम्माला दाखवते, गल्लीला दाखवते, नायनाच्या तोंडासमोर धरते. तू काही केलं नव्हतंस हे आता सिद्ध झालं. पलीकडं कुणीतरी लोखंडावर हातोडा मारत होतं. अन्ना उजव्या कानाला फोन धरून ऐकत होता. 

"येक सांग मला," तो म्हणाला. "समज, मीच घासली असती. मुद्दाम फरशीवर घासली असती. मग मारलेलं बरोबर होतं व्हय?"

 डबा खायचा राहिलाय म्हणून त्यानं फोन ठेवला.

मी मोरीपाशी तशीच उभी राहिले. इतकी वर्षं मी अन्नाची वकिली करत होते, पण कोर्ट नायनाचंच धरून चालले होते. त्यानं केलं की नाही केलं, एवढ्यावरच भांडत होते. लाज वाटली, आणि मग जी चीड आली ती या उन्हाळ्यातल्या सगळ्या चिडींपेक्षा मोठी होती.

आत आले तेव्हा पिक्चर शेवटाला आला होता. ओस पडलेला बाजार. नायकानं गचांडी धरली, मूठ उगारली. चित्र क्षणभर फाटलं, दोन चौकोन पडले, आणि मूठ खाली आली. बसली. इतक्या वर्षांनी बसली. नायनानं समाधानानं मान हलवली. मी ड्राइव्हमधून ती सीडी काढली आणि त्याच्यापुढं जाऊन उभी राहिले, टीव्ही आणि त्याच्या मधे. ही तुझ्याच टॉवेलनं घासली गेली, असं मी सांगितलं नाही. ते सांगायचं आता काही कारण नव्हतं. मी विचारलं, "नायना, समज, अन्नानंच खराब केली असती. म्हणून त्याचा कान फोडायचा?"

तो माझ्याकडं बघत राहिला. मग माझ्या हातातल्या सीडीकडं. ओढलेल्या तोंडातून शब्द यायला वेळ लागतो, आणि मी तो वेळ त्याला दिला.

"ओरिजनल होती ती," नायना म्हणाला.

हा शब्द तेलुगूतही तोच आहे. त्यानं डावा हात पुढं केला, सीडी माझ्या बोटांतून काढून घेतली, मांडीवर ठेवली, वाकून तिच्यावर हळूच फुंकर मारली आणि खांद्यावरच्या टॉवेलच्या टोकानं ती पुसायला लागला. गोल गोल.

मी ती त्याच्या हाताखालून हिसकावली आणि गुडघ्यावर ठेवून मोडली. सीडी सहजासहजी मोडत नाही. आधी वाकते, पुष्कळ वाकते, आणि मग फुटते ती बंदुकीसारखी. तुकडे खाटेवर उडाले, भिंतीवर आपटले, एक माझ्या तळव्यात घुसला. नायनानं डोळे गच्च मिटून घेतले होते आणि त्याची मान खांद्यात गेली होती.

आतल्या खोलीत विड्या वळणारे हात थांबले. अम्मा दारात आली. तिनं तुकड्यांकडं बघितलं नाही, माझ्या हातातल्या रक्ताकडं बघितलं नाही. ती खाटेपाशी गेली, नायनाच्या मांडीजवळचा रिमोट उचलला आणि आवाज वाढवला.